प्रा. दि. ब. देवधर : एक क्रीडामय घराणे

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले, की आपल्या बालीगंजच्या गल्लीबोळांतून एक देखावा दरवर्षी न चुकता दिसू लागतो. दोन बांबू रोवले जातात, त्यांच्यामध्ये जाळे ताणले जाते, वर दोन-चार झगझगीत दिवे लागतात आणि पाड्यातील मुले-मुली, त्यांचे काका आणि क्वचित त्यांचे आजोबाही हातात रॅकेट घेऊन रात्री उशिरापर्यंत बॅडमिंटन खेळत राहतात. जागा थोडी आणि खेळणारे फार. त्यामुळे हा गल्लीतील खेळ बहुधा जोडीनेच खेळला जातो. आपल्या मंडळींची मुलेही त्यात असतात. या खेळाचे आणि आपल्या पुण्याचे नाते किती जुने आहे, आणि पुण्यातील एका संस्कृतच्या प्राध्यापकाच्या घराने या खेळाला एकाच वेळी तीन विजेत्या कन्या कशा दिल्या, हे त्या मुलांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत त्या प्राध्यापकांचे आणि त्यांच्या घराण्याचे स्मरण करावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ते प्राध्यापक म्हणजे दिनकर बळवंत देवधर. क्रिकेटच्या जगात ते प्रा. देवधर या नावानेच ओळखले गेले. भारतीय क्रिकेटचे भीष्माचार्य हे बिरुद त्यांना लोकांनी प्रेमाने बहाल केले आणि त्यांच्या आयुष्याने ते सार्थ केले. १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. आज ज्या तारखेला आपण एकमेकांना तिळगूळ देतो, तीच त्यांची जन्मतारीख. २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यातच त्यांनी जगाचा निरोप घेतला. म्हणजे एकशे एक वर्षांचे दीर्घ आणि कृतार्थ आयुष्य त्यांना लाभले. खेळपट्टीवर शतके काढणारे पुष्कळ झाले. आयुष्याच्या खेळपट्टीवरही शतक पूर्ण करणारे क्रिकेटपटू मात्र बोटांवर मोजण्याइतकेच.

देवधरांचे बालपण आणि तारुण्य ज्या पुण्यात गेले ते पुणे टिळक-आगरकरांचे, गोखल्यांचे आणि महर्षी कर्व्यांचे पुणे होते. विद्या हीच प्रतिष्ठा मानणाऱ्या त्या शहरात खेळणे हे मुलांचे काम, मोठ्या माणसाने त्यात वेळ दवडू नये, अशी सर्वसाधारण समजूत होती. अशा वातावरणात संस्कृतचा व्यासंग आणि क्रिकेटचा ध्यास या दोन गोष्टी एका माणसाच्या ठायी नांदाव्यात, याचे आज कौतुक वाटते. त्या काळी बहुधा आश्चर्यच वाटले असेल. देवधर सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. सकाळी वर्गात काव्य-नाटकांचे अध्यापन आणि संध्याकाळी मैदानावर सराव, असा त्यांचा क्रम. खेळ हा त्यांचा कधीही उदरनिर्वाहाचा धंदा नव्हता. संस्थानिकांच्या पदरी राहून क्रिकेट खेळणारे अनेक गुणी खेळाडू त्या काळी होते. देवधर मात्र शिक्षक म्हणून जगले आणि सुट्ट्यांचा व संध्याकाळचा वेळ खेळाला देत राहिले.

१९११ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मुंबईच्या तिरंगी सामन्यांत हिंदू संघातून त्यांनी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पदार्पण केले. युरोपियन, पारशी आणि हिंदू अशा तीन संघांत हे सामने होत असत. पुढे १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ येऊन ते चौरंगी झाले आणि १९३७ पासून पंचरंगी. धर्मवार संघांची ती पद्धत आज आपल्याला रुचणार नाही, आणि त्या काळीही ती अनेकांना रुचत नव्हती. अखेर १९४६ मध्ये ती बंद पडली. तथापि पालवणकर बाळूंसारखा अलौकिक गोलंदाज ज्या संघाने पाहिला, त्याच संघात तरुण देवधरांना आरंभीचे धडे मिळाले, हे नमूद केलेच पाहिजे. दलित समाजात जन्मलेले बाळू आणि त्यांचे बंधू, आणि त्यांच्याच संघात खेळणारे पुण्याचे ब्राह्मण प्राध्यापक: जातिभेदाच्या भिंती गावात अभेद्य असताना मैदानावर त्यांना थोड्याफार भेगा पडत होत्या, त्या काळाचे हे चित्र आहे.

देवधरांच्या खेळाचा खरा उत्कर्ष झाला तो १९२६ साली. त्या हिवाळ्यात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम.सी.सी.चा बलाढ्य संघ हिंदुस्थानात आला. इंग्लंडचा विख्यात गोलंदाज मॉरिस टेट त्या संघात होता. डिसेंबरच्या आरंभी मुंबईस हिंदू संघाकडून खेळताना कर्नल सी. के. नायडू यांनी अकरा षटकारांसह १५३ धावा काढल्या आणि सारे शहर वेडावून गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच मुंबईत अखिल भारतीय संघाचा सामना झाला आणि त्यात देवधरांनी १४८ धावांची खेळी केली. नायडूंची खेळी वादळासारखी होती, तर देवधरांची खेळी एखाद्या सुरचित प्रबंधासारखी, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. या दोन खेळींनी एक गोष्ट सिद्ध झाली: परदेशी संघापुढे आपले फलंदाज उभे राहू शकतात. गिलिगन यांनीही हिंदुस्थानने आपले मध्यवर्ती मंडळ स्थापावे, या कल्पनेला पाठबळ दिले. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ अस्तित्वात आले आणि १९३२ च्या जून महिन्यात लॉर्ड्सच्या मैदानावर भारत आपला पहिला कसोटी सामना खेळला.

त्या संघात देवधर नव्हते. त्या वेळी त्यांचे वय चाळीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, १९३३ च्या डिसेंबरात, भारतभूमीवरील पहिली कसोटी मुंबईत झाली. तीतही ते नव्हते. ज्या माणसाच्या बॅटीने कसोटीचा दरवाजा उघडण्यास हातभार लावला, त्याला त्या दरवाजातून आत जाता आले नाही. भारताचा पहिला कसोटी सामना दहा वर्षे आधी झाला असता, तर त्यांचे नाव त्यात निश्चित असते. पण इतिहासात जर आणि तर यांना जागा नसते. या प्रसंगी मनात कटुता धरून मैदान सोडणे सोपे होते. देवधरांनी मैदान सोडले नाही. उलट त्यांच्या कारकिर्दीचा सर्वांत तेजस्वी भाग यापुढेच घडावयाचा होता.

१९३४-३५ मध्ये रणजी करंडकाच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि महाराष्ट्राचा स्वतंत्र संघ मैदानात उतरला. मुंबई म्हणजे क्रिकेटची पंढरी. तिच्याजवळ मैदाने, पैसा, जिमखाने आणि खेळाडू यांची रेलचेल. तिच्या शेजारचा महाराष्ट्र त्या मानाने दुबळा; पुणे, सांगली, सोलापूर, नगर अशा ठिकाणांहून गोळा केलेली होतकरू मुले एवढेच त्याचे भांडवल. या मुलांचे देवधर कर्णधारही होते आणि गुरुजीही. विद्यार्थ्याची चूक दाखवताना त्याचा उत्साह मारायचा नाही, हे तत्त्व वर्गातून मैदानावर येताना त्यांना वेगळे शिकावे लागले नाही. सांगलीचे विजय हजारे, पुण्याचे रंगा सोहोनी यांच्यासारखे खेळाडू त्यांच्या नेतृत्वाखाली पुढे आले आणि भारतीय संघात जाऊन पोहोचले.

आपण कलकत्तेकर असल्यामुळे एक गोष्ट आपल्याला विशेष वाटावी. १९३८-३९ चा रणजी करंडक बंगालने इथे, ईडन गार्डन्सवर जिंकला. पुढच्या वर्षी, १९३९-४० मध्ये, तो महाराष्ट्राकडे गेला. त्या मोसमात हजाऱ्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातील ते पहिले त्रिशतक होते. अंतिम सामन्यात महाराष्ट्राने संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव केला. त्या वेळी कर्णधाराचे वय अठ्ठेचाळीस होते.

पाठोपाठ १९४०-४१ च्या मोसमात पुण्यात महाराष्ट्र आणि मुंबई यांची गाठ पडली. तो सामना जुन्या माणसांच्या तोंडून आपण अनेकदा ऐकला असेल. महाराष्ट्राच्या धावा झाल्या ६७५. त्यांत देवधरांच्या एकट्याच्या २४६. उत्तरादाखल मुंबईनेही हार न मानता ६५० धावांपर्यंत मजल मारली. खंडू रांगणेकरांनी २०२ धावा काढल्या. दोन डावांत मिळून तेराशे पंचवीस धावा झाल्या आणि केवळ पंचवीस धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या प्राध्यापकांनी काढलेल्या त्या २४६ धावा हीच त्यांच्या आयुष्यातील सर्वोच्च धावसंख्या ठरली. त्या वर्षी मद्रासवर मात करून महाराष्ट्राने करंडक सलग दुसऱ्यांदा जिंकला. त्यानंतर कितीतरी दशके महाराष्ट्राला तो मान पुन्हा लाभला नाही, हे लक्षात घेतले म्हणजे देवधरांच्या नेतृत्वाची थोरवी कळते.

इतके होऊनही हा पुरुष थांबावयास तयार नव्हता. १९४४ मध्ये नवानगरविरुद्धच्या एकाच सामन्यात त्यांनी दोन्ही डावांत शतके झळकावली: १०५ आणि १४१. तेव्हा त्यांनी वयाची बावन्न वर्षे पूर्ण केली होती. ज्या वयात सामान्य गृहस्थ जिना चढताना कठडा धरतो, त्या वयात हे गृहस्थ दोन-दोन शतकांच्या धावा पळत होते. पहिल्या महायुद्धापूर्वी प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळलेला खेळाडू दुसऱ्या महायुद्धानंतरही खेळत होता. ८१ सामने, ४,५२२ धावा, नऊ शतके आणि ३९.३२ ची सरासरी, असा त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब आहे. पण चाळिशी उलटल्यानंतर त्यांनी जे केले, ते या आकड्यांत मावत नाही.

आता त्यांच्या घराकडे वळू.

बॅडमिंटन हा खेळ इंग्रजांनी जगभर नेला हे खरे. पण त्याच्या अर्वाचीन रूपाची जडणघडण आपल्याच भूमीत झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील इंग्रज लष्करी अधिकारी हा खेळ खेळू लागले आणि पुण्याच्या छावणीत तो इतका रुळला की, त्याला पूना असेच नाव पडले. १८७३ च्या सुमारास त्याचे आरंभीचे नियमही पुण्यातच बांधले गेले. हे अधिकारी निवृत्त होऊन मायदेशी परतले तेव्हा खेळही त्यांच्याबरोबर गेला. १८९९ मध्ये अखिल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली, तेव्हा तीत केवळ जोडीचेच सामने होते. पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी. एकेरीचे सामने पुढच्या वर्षी, १९०० मध्ये आले. तेव्हा बालीगंजच्या गल्लीत आपली मुले जोडीने खेळतात, ती या खेळाच्या मूळ परंपरेला धरूनच, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या पुण्यात देवधरांच्या घरी तारा, सुंदर आणि सुमन या तीन कन्या वाढल्या. वडील क्रिकेटमध्ये गर्क असले तरी मुलींनी घरात बसून केवळ टाळ्या वाजवाव्यात, हे त्यांना मान्य नव्हते. मुलींच्या हाती रॅकेट आली आणि तिघीही बॅडमिंटनमध्ये निष्णात झाल्या. १९४० नंतरच्या दशकात देवधर भगिनी हे नाव महिलांच्या बॅडमिंटनमध्ये साऱ्या देशात गाजले. तिघींनीही राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत मजल मारली. एका घरातील तीन सख्ख्या बहिणींनी देशातील अव्वल खेळाडूंत स्थान मिळवावे, असा योग कोणत्याही खेळात विरळाच.

त्या काळी मध्यमवर्गीय मराठी घरातील मुलीने चारचौघांसमोर, प्रेक्षकांनी भरलेल्या मैदानात धावणे, उडी मारणे, घामाघूम होणे ही साधी गोष्ट नव्हती. मुलीला शिकविणे एव्हाना पुण्याच्या अंगवळणी पडले होते. पण शिकलेल्या मुलीने खेळावे, स्पर्धेसाठी परगावी जावे, तिचे नाव वर्तमानपत्रात छापून यावे, हे अजून पुष्कळांच्या पचनी पडत नव्हते. संस्कृतच्या प्राध्यापकाने ते आपल्या घरापासून सुरू केले. त्यावर त्यांनी व्याख्याने दिली असती, तर ती कदाचित विस्मृतीत गेली असती. त्यांनी मुलींना खेळू दिले आणि त्याचा परिणाम व्याख्यानांहून खोल झाला.

जोडीच्या खेळाला दोघांची चपळाई लागतेच. पण त्याहून अधिक एकमेकांवरचा विश्वास लागतो. आपली जोडी चढाई करीत असली, म्हणजे एकीने जाळ्याजवळ आणि दुसरीने मागे उभे राहावयाचे. प्रतिपक्षाची चढाई सुरू झाली की क्षणात दोघींनी शेजारी-शेजारी येऊन आपापली बाजू सांभाळावयाची. दोघींच्या मधोमध आलेले शटल कोणी घ्यावयाचे, हे विचारावयास वेळ नसतो. ते आधीच ठरलेले आणि अंगी मुरलेले असावे लागते. जोडीदाराची चूक झाली तर कपाळाला आठी पाडावयाची नाही, हाही त्या खेळाचा एक अलिखित नियमच. एका घरात, एका अंगणात वाढलेल्या बहिणींना हे शिक्षण जन्मापासून मिळाले. क्रिकेटमध्येही दोन फलंदाज असेच एकमेकांच्या हाकेवर विसंबून धावतात. त्यामुळे पित्याचा आणि कन्यांचा खेळ वेगळा असला, तरी त्याचे मर्म एकच होते.

मात्र या कन्यांच्या वाट्यालाही पित्यासारखाच एक दैवदुर्विलास आला. त्यांचा खेळ ऐन बहरात असताना जगात महायुद्ध पेटलेले होते. १९४० पासून १९४६ पर्यंत अखिल इंग्लंड स्पर्धा भरलीच नाही. सर जॉर्ज थॉमस यांनी १९३९ मध्ये पुरुषांच्या सांघिक स्पर्धेसाठी करंडक देऊ केला होता; तोही युद्धामुळे लांबला आणि १९४८-४९ मध्ये प्रथम खेळला गेला. महिलांसाठीचा उबेर करंडक तर १९५६-५७ मध्ये सुरू झाला. तोवर देवधर भगिनींच्या बहराचा काळ मागे पडला होता. पिता कसोटीच्या उंबरठ्यावर वयाने अडला, तर कन्या जगाच्या उंबरठ्यावर काळाने अडल्या. त्यांची तुलना जगातील श्रेष्ठ खेळाडूंशी व्हावी असा प्रसंगच आला नाही. देशात जे मिळविण्यासारखे होते ते त्यांनी मिळविले आणि पुढच्यांसाठी वाट मोकळी केली.

त्या वाटेवरून पुढे किती जण गेले! सांगलीत १९३३ मध्ये जन्मलेले नंदू नाटेकर यांनी १९५६ मध्ये क्वालालंपूर येथे आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविले. बॅडमिंटनमध्ये असे यश मिळविणारे ते पहिले भारतीय. एकेरीप्रमाणेच दुहेरीत आणि मिश्र दुहेरीतही ते अनेकदा राष्ट्रीय विजेते झाले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचे नाव होते. पुण्यातील त्या सामन्यात मुंबईकडून द्विशतक काढणारे खंडू रांगणेकरही बॅडमिंटनचे उत्तम खेळाडू होते आणि ठाण्यातील बॅडमिंटनच्या सभागृहाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. आणि १५ मे २०२२ रोजी बँकॉकमध्ये भारताने इंडोनेशियाला हरवून प्रथमच थॉमस करंडक जिंकला, तेव्हा दुहेरीची लढत जिंकून देणाऱ्या जोडीत सात्विकसाईराज रंकीरेड्डी यांच्यासमवेत मुंबईत वाढलेले चिराग शेट्टी होते. ज्या खेळाने पुण्याचे नाव एके काळी धारण केले होते, त्या खेळातील जगाचा करंडक असा दीर्घ प्रवासानंतर घरी आला.

खेळाडू म्हणून निवृत्त झाल्यानंतरही देवधर खेळापासून दूर गेले नाहीत. नियामक मंडळाचे उपाध्यक्ष, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष, राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य अशा नात्यांनी त्यांनी सेवा केली. ज्याला स्वतःला निवड समितीने कसोटीसाठी कधी बोलाविले नाही, त्याने पुढे इतरांची निवड करावयास बसावे, यात नियतीचा विनोद आहे. पण देवधरांच्या मनाचा मोठेपणाही आहे. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान लाभले. १९७३-७४ पासून विभागीय संघांची मर्यादित षटकांची स्पर्धा त्यांच्या नावाने सुरू झाली. कसोटी न खेळलेल्या खेळाडूच्या नावाचा करंडक कसोटीवीरांनी उंचवावा, यासारखी न्याय्य भरपाई दुसरी कोणती असणार? १४ जानेवारी १९९२ रोजी त्यांनी शंभरी पूर्ण केली. त्यांच्या निधनानंतर १९९६ मध्ये टपाल खात्याने भारतीय क्रिकेटपटूंवर तिकिटे काढली, त्यांतही देवधरांची प्रतिमा झळकली.

प्रा. देवधरांच्या चरित्रातून आपण दूरदेशी राहणाऱ्यांनी काय घ्यावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे दोन गोष्टी. पहिली अशी की, योग्य वेळी योग्य मान मिळाला नाही म्हणून काम सोडावयाचे नसते. देवधर चाळिशीत थांबले असते, तर महाराष्ट्राला ते दोन करंडक मिळाले असते की नाही, कोण जाणे. दुसरी गोष्ट घरातली. आपल्या मुलांना आपण मराठी भाषा, सणवार, पुरणपोळी आणि पसायदान देण्याची धडपड करतो, ती योग्यच आहे. पण मुलांनी, आणि विशेषतः मुलींनी, मोकळ्या मैदानात जाऊन घाम गाळावा, हरावे, जिंकावे आणि जोडीदाराला सांभाळून घ्यावे, हाही आपल्या मराठी वारशाचाच भाग आहे. तो वारसा एका संस्कृतच्या प्राध्यापकाने आपल्या घरात जपला आणि देशाला दिला.

यंदाच्या हिवाळ्यात गल्लीतील दिवे लागतील आणि शटल जाळ्यावरून इकडून तिकडे जाऊ लागेल, तेव्हा आपल्या लेकी-नातींना तारा, सुंदर आणि सुमन या तीन बहिणींची गोष्ट अवश्य सांगावी. आणि ती सांगताना त्यांच्या पित्याचे नाव विसरू नये. प्रा. दिनकर बळवंत देवधर यांच्या पुण्यस्मृतीस आपल्या सर्वांच्या वतीने विनम्र अभिवादन.